लाँग वीकेंड, लाल डबा आणि पाऊणकी: एकट्याने अलिबाग ते हरिहरेश्वर कसं करायचं

गाडी नाही, ड्रायव्हिंग येत नाही, मैत्रिणींच्या सुट्ट्या कधीच जुळत नाहीत, म्हणून कोकण राहूनच गेलं असं म्हणणारे लोक मला दर लाँग वीकेंडला भेटतात. मी पण त्यातलीच होते. मग एकदा कंटाळून एकटीच निघाले, आणि आता तीन दिवस जोडून आले की पाठीवर बॅग टाकून निघायची सवयच लागलीये. खाली जो रूट देतेय तो बोट, एसटी, जंगल जेट्टी (गाड्या वाहून नेणारी फेरीबोट) आणि थोड्या रिक्षा यांच्यावर अख्खा होतो: मुंबई, मांडवा, अलिबाग, मुरूड, आगरदांडा, दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि माणगावहून ट्रेनने परत. तीन दिवस, दोन रात्री. २०२६ मध्ये २६ जानेवारीला सोमवार आला होता, तेव्हा केलेलं सगळं ताजं आहे म्हणून तेच उदाहरण घेते.

आता सगळ्यात आधी काय करायचं, तर हॉटेलं बघायची नाहीत, कालनिर्णय काढायचं. सिरियसली. या पट्ट्यातली बघण्यासारखी निम्मी ठिकाणं भरती-ओहोटीवर चालतात, अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीलाच चालत जाता येतं, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची असते, आणि गाडीवाले लोक पाणी चढलेलं असेल तर जेवून परत येतात पण आपली एसटी निघून गेलेली असते. त्यामुळे आपल्याला हे आधीच माहीत पाहिजे. हिशोब सोपा आहे, किनाऱ्यावरची जुनी माणसं बोटांवर करतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. ज्यांना शाळेत पाऊणकी पाठ करायला लावली होती त्यांना हे एका सेकंदात येतं, आपण मोबाईल काढायचा. शुद्ध असो की वद्य, पाडव्यापासून, म्हणजे त्या पंधरवड्याच्या प्रतिपदेपासून मोजायचं. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचार आणि दुपारी साडेचारच्या सुमाराला भरती, आणि त्याच्या सहा तास मागे-पुढे, म्हणजे साडेदहाला, ओहोटी. रोज साधारण पाऊण तास पुढे सरकतं. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, अगदी मिनिटाला पाहिजे असेल तर मोबाईलवर भरतीचं कोष्टक मिळतं, पण घरी बसून प्लॅन करायला हे पुरतं.

जानेवारीत शनिवारी षष्ठी होती, रविवारी रथसप्तमी, सोमवारी अष्टमी. म्हणजे ओहोटी शनिवारी साडेदहाच्या आसपास, रविवारी सव्वाअकरा, सोमवारी बारा. हे कागदावर लिहिलं आणि अख्खी ट्रिप आपोआप बसली: शनिवारी दहापर्यंत अलिबाग, सोमवारी अकरापर्यंत हरिहरेश्वर, मधला दिवस जंजिऱ्याला. अजून एक गोष्ट, अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, आणि अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढतंही कमी आणि उतरतंही कमी. त्यामुळे आपल्या तारखा भांगाच्या असतील तर ओहोटीला सगळं कोरडं ठाक मिळेल अशी अपेक्षा ठेवायची नाही, गुडघाभर पाणी धरूनच चालायचं.

दुसरं काम राहण्याचं, आणि इथे एकट्या माणसाची खरी गोची असते. लाँग वीकेंडला घरगुती राहण्याची सोय देणारे लोक माणशी रेट लावतात, खोलीत चार जण बसत असताना एकीला का द्यावी हा त्यांचा प्रश्न, आणि तो चुकीचा पण नाही. "एकट्याच? बरं, कळवतो" असं म्हणून कळवत नाहीत. यावर माझा उपाय असा की फोनवर पहिल्या वाक्यातच सांगायचं, दादा मी एकटीच आहे, एक रात्र, रूमचे पैसे दोघांचे धरा, दोन्ही वेळचं जेवण तुमच्याकडेच घेईन. निम्मे लोक तिथेच मऊ होतात. नाहीतर विचारायचं की घरात एखादी मागची खोली आहे का, जी ग्रुपला देत नाही, साधी असली तरी चालेल. अशा खोल्या असतात! आणि घरातल्या बाईंशी बोलायला मिळालं तर बेस्ट, कारण एकटी मुलगी येतेय म्हटल्यावर त्या स्वतःच सोय करतात. ॲडव्हान्स थोडाच पाठवा पण मेसेजवर तारीख आणि रक्कम लिहून घ्या. मागे एकदा मी फक्त तोंडी ठरवलं होतं, पोचले तर माझी खोली दहा जणांच्या ग्रुपला दिलेली, मग त्याच गल्लीतल्या एका आज्जींनी माजघरात गादी घालून दिली, वर सकाळी घावने. म्हणजे शेवट गोड झाला पण संध्याकाळी सात वाजता रस्त्यावर उभं राहून फोन करत बसणं काही मजेशीर नव्हतं.

सामान एवढंच घ्या की दिवसभर पाठीवर वागवता येईल. कारण एकट्याला "जरा बॅगकडे बघ" म्हणायला कोणी नसतं, किल्ल्यात, बोटीत, प्रदक्षिणेला, ती बॅग सगळीकडे तुमच्याबरोबर येणारे. दोन कपडे, पंचा, टोपी, पाण्याची बाटली, मागे पट्टा असलेल्या सँडल (सपाता नकोत, खडकावर सटकतात), फोन ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी आणि सुट्टे पैसे. एसटीत आता कंडक्टरकडे ऑनलाइन पैसे घेतात, पण वाटेत रेंज कुठे जाईल सांगता येत नाही, आणि रिक्षा-होडीवाल्यांना रोखच बरी पडते. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझा एसटीचा खर्च बघून ऑफिसमधल्या मुलांना हेवा वाटतो. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास पण असतो, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा, पण या रूटवर अंतरं इतकी छोटी आहेत की तो काही वसूल होत नाही, तो लांब फिरायचं असेल तेव्हा घ्या.

शनिवार. मी डोंबिवलीची, त्यामुळे पहिल्यापैकी एखादी लोकल पकडून सीएसएमटी आणि तिथून टॅक्सीने गेटवे. तिथे पीएनपी, मालदार, अजंठा यांच्या खिडक्या शेजारी शेजारी आहेत, जी बोट आधी सुटतेय तिचं तिकीट काढायचं, जास्त विचार करायचा नाही. लाँग वीकेंडला पहिल्या एक-दोन बोटींनंतर रांग इतकी वाढते की तुमची ओहोटी रांगेतच संपेल. तासाभरात मांडवा. त्याच तिकिटात मांडवा ते अलिबाग बसचे पैसे धरलेले असतात, म्हणून तिकीट उतरेपर्यंत नाही तर अलिबागपर्यंत जपायचं, मी पहिल्यांदा ते चुरगळून फेकलं होतं आणि मग बसच्या दारात बॅग उपडी केली होती. थंडीत बोटीच्या मागे सीगल लागतात, लोक त्यांना गाठ्या-वेफर्स टाकत असतात, टाकू नका, आणि वरच्या डेकवर बसणार असाल तर स्कार्फ घ्या. पावसाळ्यात या बोटी बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रोरो बघायची, तीही हवामान बघूनच सुटते. अर्थात पावसाळ्यात जंजिरापण बंद, त्यामुळे हा अख्खा रूट ऑक्टोबर ते मे याच दिवसांचा समजा.

अलिबागला उतरलात की थेट बीचवर. मी गेले तेव्हा किल्ल्याच्या वाटेवर पोटरीच्या थोडं वर पाणी होतं, भांग म्हटलं ना. घोडागाडीवाले मागे लागतात, पाणी खरंच गुडघ्याच्या वर असेल तर बसा, नाहीतर चालत जाण्यातच मजा आहे, सँडल घालूनच चाला कारण खाली शिंपल्या आणि दगड आहेत. आत गणपतीचं देऊळ आणि गोड्या पाण्याचा तलाव आहे, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं. इथे घड्याळ लावून बसा: पाऊण तासात बाहेर. पाणी फिरलं की भराभर येतं, आणि परतताना एकट्याला हात द्यायला कोणी नसतं. वेळ उरला तर गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, स्टँडवर जाताना होऊन जाते.

अलिबाग स्टँडवरून मुरूडची एसटी. या लोकल फेऱ्यांना रिझर्व्हेशनची भानगड नसते, गाडी लागली की चढायचं. फक्त एक करा, ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी पकडा. दक्षिणेला जाताना समुद्र उजवीकडे असतो, आणि रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव गेलं की कोर्लईपासून काशीद, नांदगावपर्यंत पाणी अधूनमधून इतकं जवळ येतं की डाव्या बाजूचे लोक उभे राहून बघतात. कोर्लई गावात अजूनही पोर्तुगीजमधून आलेली स्वतःची वेगळी बोली बोलतात, बसमध्ये दोन बायका बोलत होत्या आणि मला एक शब्द कळेना, तेव्हा लक्षात आलं. पन्नासेक किलोमीटर आहे, दोन तास धरून चाला. काशीदला उतरायचा मोह होईल, लाँग वीकेंडला उतरू नका, जत्रा असते, आणि पुढची गाडी उभ्याने मिळते.

मुरूडला मुक्काम. किनाऱ्यावरून समोर पाण्यात पद्मदुर्ग दिसतो, सूर्य साधारण त्याच्याच बाजूला खाली जातो. एकट्याने पोहायला जायचं नाही, हे मी स्वतःला पण दर वेळी सांगते, पाय ओले करायचे, फार तर गुडघ्यापर्यंत, आणि दिवेलागणीनंतर वस्तीच्या बाजूला राहायचं.

आणि जानेवारी असेल तर पोपटी विचारा! रायगड सोडून कुणाला ही फारशी माहीत नसते. वालाच्या शेंगांचा सीझन असतो, मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, कोंबडीचे तुकडे केळीच्या पानात गुंडाळून, वर परत पाला दाबून भरायचा, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती काटक्या-गवत रचून पेटवायचं. पाणी नाही, तेल नाही. एका माणसासाठी कुणी मडकं लावत नाही हे उघड आहे, पण मी जिथे राहिले त्यांच्या वाडीत घरच्यांचीच लागली होती आणि काकू म्हणाल्या, "खोलीत काय करताय एकट्या, या इकडे शेकायला." अंधारात त्यांच्या मुलाने मडक्यावर पाण्याचा हबका मारला, चर्रर झालं, म्हणाला झाली. पाला काढला तेव्हा जो वास आला तो माझ्या जॅकेटला सोमवारपर्यंत होता. ग्रुपमध्ये असते तर आम्ही आमच्याच खोलीत पत्ते कुटत बसलो असतो.

रविवारी लवकर आवरून बॅगेसकट निघायचं, कारण मुरूडला परत यायचं नाहीये. शेअर रिक्षाने राजपुरी, तिथून शिडाच्या होड्या जंजिऱ्याला जातात. होडी भरल्याशिवाय सुटत नाही, आणि इथे एकट्याचा फायदा, "एक सीट, एक सीट" अशी हाक आली की सहा जणांचं कुटुंब बघत राहतं आणि आपण उडी मारून बसतो. किल्ल्याच्या दरवाजाशी होडी हलत असतानाच पायरीवर उतरायचं असतं, बॅग पुढे न धरता पाठीवर घट्ट बांधा आणि दोन्ही हात मोकळे ठेवा, उतरवायला माणसं असतात, त्यांचा हात धरा, लाजायचं नाही. वर दरवाजा असा आहे की समोर येईपर्यंत दिसतच नाही. आत सगळं मिळून २२ एकर, कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचे तलाव, पडके वाडे. होडीवाले साधारण तासाभराची वेळ देतात, गाईडच्या मागे सगळं ऐकत बसलात तर तटावर चढायला वेळ उरत नाही, माझं मत विचाराल तर आधी तटावर जा, तिथून पद्मदुर्ग आणि राजपुरीची खाडी एकदम दिसते, आणि मग कळतं की शिवाजी महाराजांपासून सगळ्यांनी प्रयत्न करून हा का नाही पडला. जाताना ज्या होडीने आलात तिच्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवा, परतीला त्याच होडीत बसवतात.

तिथून रिक्षाने आगरदांडा. इथून दिघीला जेट्टी जाते, म्हणजे गाड्या वाहून नेणारी फेरीबोट, तिला इकडे सगळे जंगल जेट्टीच म्हणतात. गाड्यांची रांग लाँग वीकेंडला एक-दोन किलोमीटर मागे गेलेली असते आणि आत बसलेले लोक वैतागलेले असतात, आपण त्या रांगेच्या बाजूने चालत पुढे जायचं, माणसाचं किरकोळ तिकीट काढायचं आणि पहिल्या बोटीत चढायचं. मला या अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात जास्त आसुरी आनंद इथे होतो.

दिघीला उतरल्यावर मात्र थोडी कसोटी आहे. एसटी असते, पण तिची वेळ आणि जेट्टीची वेळ यांची सोयरीक नाही. त्यामुळे बोटीवरच विचारपूस करायची, कोण बोर्लीला चाललंय, दोघं-तिघं जमले की दिघीला रिक्षा शेअर करायची. आणि बोर्ली म्हणताना बोर्ली पंचतन म्हणा! आदल्या दिवशी अलिबाग-मुरूड रस्त्यावर जी बोर्ली लागली ती बोर्ली मांडला, वेगळी. मी गुगलवर नुसतं बोर्ली टाकून मुरूडच्या अलीकडचा पत्ता रिक्षावाल्याला दाखवत होते, तो म्हणाला ताई, तुम्ही तिथूनच आलात.

बोर्ली पंचतनवरून दिवेआगर अगदी जवळ. बहुतेक लोक तिथेच राहतात, सुवर्णगणेशाचं देऊळ आहे, जेवण चांगलं मिळतं, बीच मोठा आहे. पण आपण एसटीवर आहोत, आणि सोमवारी सकाळी हरिहरेश्वर गाठायचंय, म्हणून माझा सल्ला दुपारचं जेवण दिवेआगरला आणि मुक्काम श्रीवर्धनला. श्रीवर्धनला डेपो आहे, तिथून सगळीकडे गाड्या सुटतात, एक चुकली तरी दुसरी असते. दिवेआगर ते श्रीवर्धन किनाऱ्याकिनाऱ्याने शेखाडीवरून रस्ता जातो, त्यासाठी मी रिक्षा ठरवली, अख्ख्या ट्रिपमधली एवढीच चैन, आणि तिचं मला जराही वाईट वाटत नाही. रिक्षा ठरवताना "मधे दोन ठिकाणी थांबणार" हे भावातच धरून घ्या. वाटेत सुपारीच्या वाड्यांत मधेच आभाळ दिसायला लागतं, झाडं असायला हवीत तिथे नाहीत, ते जून २०२० च्या निसर्ग वादळाचं. सुपारी लावल्यावर हाताशी यायला वर्षं लागतात, रिक्षावाल्याने त्याची वाडी दाखवली, नवीन रोपं त्याच्या खांद्याच्या वर गेली होती, तेवढंच बोलला.

श्रीवर्धन हे भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव, स्मारक आहे, लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. पण संध्याकाळी जीवना बंदरावर जा, होड्या लागल्या असतील तर मासळीचा लिलाव बघायला मिळतो. मधे मधे करू नका, लोकांचा धंदा चाललेला असतो, आणि बायकांचे फोटो न विचारता काढू नका. जेवायला खानावळीत एकट्याने जाताना लवकर जा, सातच्या ठोक्याला, आठनंतर ग्रुप येतात आणि चार खुर्च्यांच्या टेबलावर एक माणूस बसलेला बघून मालकाचा जीव खालीवर होतो. सुरमई थाळीच सगळे मागतात, तुम्ही "आज ताजं काय" विचारा, बोंबील किंवा मांदेली निघाली तर स्वस्तात चंगळ.

सोमवारी रूम सोडतानाच परतीची सोय नक्की पाहिजे. मी पहिल्या वेळी इथेच चुकले होते, मिळेल ती एसटी म्हणून गेले आणि डेपोत मुंबईच्या सगळ्या गाड्या फुल्ल, पनवेलपर्यंत उभी आले. त्यामुळे थेट गाडीने जायचं असेल तर घरून निघण्याआधी रिझर्व्हेशन करा. पण खरं सांगू का, लाँग वीकेंडच्या शेवटच्या दिवशी माणगाव-इंदापूरला हायवे असा तुंबतो की रिझर्व्हेशनवाली सीटसुद्धा तिथेच दोन तास बसून राहते. म्हणून आता मी श्रीवर्धनहून एसटीने फक्त माणगाव गाठते आणि तिथून सावंतवाडीहून दिव्याला येणारी गाडी पकडते. गाडीची वेळ रेल्वेच्या ॲपवर आदल्या दिवशी बघा, लेट असेल तर तेही आधी कळतं. पुणेकरांना हे काही नको, श्रीवर्धनहून ताम्हिणीमार्गे पुण्याच्या गाड्या आहेत, त्यांनी तर अख्खा रूट उलटा केला तरी चालेल, फक्त तिथीचा हिशोब परत मांडावा लागेल.

आणि हरिहरेश्वर. सकाळची एसटी घेऊन साडेदहापर्यंत पोचा. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव असा दर्शनाचा क्रम आहे, रांगेतले लोकच सांगतात. बॅग ठेवायची असेल तर जिथे नाश्ता केला तिथेच विचारा, एक चहा जास्त घ्या. प्रदक्षिणेचा रस्ता देवळामागून डोंगर चढून मग दोन कड्यांच्या मधल्या अरुंद पायऱ्यांनी, गणेश गल्लीतून, थेट समुद्रावर उतरतो. खाली खडकाला लाटांनी आणि वाऱ्याने अशी जाळी पडलीये, मधाच्या पोळ्यासारखी, की बोट घालून बघितल्याशिवाय राहवत नाही. पण इथे लाटेने ओढून नेल्याने माणसं गेली आहेत. म्हणून तीन गोष्टी: उतरायच्या आधी देवळाजवळ एखाद्या दुकानदाराला विचारा "आत्ता जाऊ का", तो नको म्हणाला तर वाद घालायचा नाही. ओल्या, काळ्या, शेवाळलेल्या खडकावर पाय ठेवायचा नाही, कोरड्या पिवळट खडकावरूनच चाला. आणि एकटे असाल तर एखाद्या कुटुंबाच्या मागे दहा पावलांवर राहा, ओळख काढायची गरज नाही. मी एका आज्जी-आजोबांच्या मागे होते, आज्जींनी वळून विचारलंच, "एकटीच आलीस? घरी सांगून आलीस ना?" हो म्हटलं. मग पूर्ण वाटभर दर वळणाला त्या थांबून मी येतेय की नाही बघत होत्या.

साडेबाराला वर आले, बॅग घेतली, श्रीवर्धनच्या एसटीत बसले, तिथून माणगावची गाडी लगेच मिळाली. माणगावला स्टँडबाहेर वडापाव खाऊन घ्या आणि पाणी भरून घ्या, पुढे दिव्यापर्यंत काय मिळेल ते नशिबावर. गाडी आली की मधल्या डब्यांकडे धावू नका, सगळे तिथेच चढतात, शेवटच्या टोकाचा जनरल डबा पकडा. रोह्यानंतर बसायला जागा होते.